मशीनला न परवडणारे बाबा

लाफलिन, नेवाडा
११ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

पाकिटावर कॉपर हेरन कॅसिनोचा बगळा आहे म्हणून हे फ्रीजवर लावून ठेवू नका. आत जेवणाचं कूपन नाही. मी कामासाठी इथे उतरलेय आणि टेबलाच्या खणात हाच कागद होता. फोन करता आला असता. पण फोनवर आपण तुमच्या जेम्सटाऊनच्या वाऱ्यापासून सुरुवात करतो, इथल्या उन्हापर्यंत येतो, आणि मग तुम्ही म्हणता, "बरं, तुझं बिल वाढतंय," आणि ठेवून देता. बिल वाढत नाही, हे मी किती वेळा सांगितलंय. मला मध्ये न तोडता काही सांगायचं आहे, म्हणून कागद.

रविवारी तुम्ही सांगितलंत की एकवीस तारखेला घराच्या कागदांवर सही करताय. शेजारच्या डेल क्रुगरचा पुतण्या घेतोय, त्याला गॅरेज आवडलं, आणि तुम्ही इथल्या नदीपलीकडे बुलहेड सिटीत एक चाकांवरचं फिरतं घर बघून ठेवलंय. "इथे मला विचारणारं कोण आहे," असं म्हणालात. "तिथे कॅसिनोत लिफ्टमधून बाहेर पडलो की चार माणसं नावानं हाक मारतात." मी फक्त "हं" म्हणाले. तुम्हाला ते पसंतीचं वाटलं असेल. ते नव्हतं. मला त्या क्षणी काय बोलावं हे ठरवता येत नव्हतं, आणि ठरल्याशिवाय मी बोलत नाही, हे तुमच्याकडूनच आलंय.

माझी खोली चौथ्या मजल्यावर, गाड्यांच्या आवाराकडे. खिडकी उघडत नाही. गालिच्याला जुन्या सिगारेटचा आणि त्यावर मारलेल्या लिंबाच्या फवाऱ्याचा वास आहे. या वर्षी मी अशा किती खोल्यांत झोपले याची मोजदाद सोडून दिलीय. वेंडोव्हर, एल्को, मेस्किट, आता इथे. सगळीकडच्या कॅसिनोंत तेच करते. जुनी कार्डयंत्रणा काढते, आमच्या कंपनीची नवी बसवते, खेळणाऱ्याचं कार्ड आत गेलं की पडद्यावर नाव उमटतंय का, आकडे नीट मोजले जातायत का ते तपासते. दिवसभर कानात ती घंटांची किणकिण असते. संध्याकाळी खोलीत आल्यावरही ती थांबत नाही. सकाळी उठून पाणी प्यायला जाते तर क्षणभर कळत नाही की नळ कुठल्या बाजूला आहे.

थोडं यंत्राबद्दल बोलते. गेल्या थँक्सगिव्हिंगला हेच सांगायला लागले तेव्हा तुम्ही काटा ताटलीत ठेवलात आणि म्हणालात, "पोरी, तुला सगळ्यात मशीनच दिसतं." मग बेव्हर्ली काकूंनी गोडाची बशी पुढे केली आणि विषय संपला. तेव्हा मी म्हटलं होतं की ती चार माणसं नावानं हाक मारतात कारण पडद्यावर नाव येतं, आणि वाढदिवसाचा केक येतो कारण तारीख आली की चिठ्ठी आपोआप छापली जाते. ते बरोबर होतं. आज मला त्याच्या पुढचं सांगायचं आहे. तुम्ही चाळीस वर्षं कोठारावर वजनकाटा सांभाळलात. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक म्हणजे धान्य. इतकं सरळ सांगितलं तर तुम्हाला पटेल असं वाटतं.

कॅसिनो तुमची हारजीत बघून खोली देत नाही. तुम्ही हजार हरलात तरी यंत्राला दया येत नाही आणि हजार जिंकलात तरी राग येत नाही. ते एकच बघतं. तुम्ही एकूण किती पैसे फिरवलेत, आणि त्या मशीनवर फिरवलेल्या पैशांतला कितवा हिस्सा सावकाश कॅसिनोकडे राहतो. या दोघांचा गुणाकार म्हणजे तुमचा कागदावरचा तोटा. त्यातला साधारण तिसरा हिस्सा ते पाहुणचार म्हणून परत करतात. खोली, जेवण, खेळायला थोडे फुकट पैसे. बाहेरगावहून येणाऱ्याचा हा आकडा दिवसांवर वाटून सरासरी काढतात आणि त्या सरासरीवर पुढचं आमंत्रण ठरतं. बस. यात कुठेही तुम्ही कसे आहात हा रकाना नाही.

आता तुमचं मशीन. बारच्या डाव्या कोपऱ्यातलं व्हिडिओ पोकर, फुल हाउसच्या हाताला नऊ पट आणि फ्लशच्या हाताला सहा पट देणारं. असं मशीन आता शोधावं लागतं, आणि ते तुम्ही शोधलंत, हे मी मान्य करते. त्यावर तुमच्यासारखा खेळला तर शंभर डॉलर फिरवल्यावर कॅसिनोकडे पन्नास सेंटही राहत नाहीत. आणि तुम्ही चुकत नाही. बदामाचा गुलाम आणि राणी हातात असताना सोबतीला इस्पिकचा एक्का ठेवावा असा मोह तुम्हाला होत नाही. पाच तास, एका डावाला सव्वा डॉलर, तासाला सहाशे डाव. तुम्हीच मला अभिमानानं हे आकडे सांगितलेत. मी तुमचं खातं उघडलेलं नाही, तो नियम मी मोडणार नाही, आणि त्याची गरजही नव्हती. रुमालावर होणारा हिशेब आहे. तुमचा दिवसाचा कागदावरचा तोटा सतरा डॉलर. त्याचा तिसरा हिस्सा सहासुद्धा होत नाही. एवढ्यात बगळ्याच्या उपाहारगृहात अंडी आणि कॉफी येते, तीही बक्षिसी न ठेवता.

आणि तुम्हाला आठ वर्षं नदीकडची खोली मिळतेय. शनिवारचा भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा मिळतोय. मी यंत्र बनवणाऱ्यांतली आहे, मला हे खटकायला हवं होतं. खटकलं नाही, कारण मी तुमचं बोलणं अर्धं ऐकत होते.

गेल्या मंगळवारी नदीन ओचोआ मला भेटली. तुम्ही जिला "माझी होस्ट" म्हणता ती, पाहुण्यांची देखभाल करणारी. मी तिच्या टेबलाखाली वाकून तार बघत होते. तिनं माझ्या छातीवरची पट्टी वाचली. "टोलफ्सन? तू वजनकाट्याच्या आर्लनची का?" मी हो म्हटलं. "उठ बाई तिथून. ती तार मेली तरी चालेल. तू आधी जेवलीस का?" तिनं मला उपाहारगृहात नेलं, सूप मागवलं, आणि मी पहिला घोट घेण्याआधीच म्हणाली, "तुझ्या बापाला वाटतं मशीनला त्याचा खेळ आवडतो. अगं, मशीनला तुझा बाप परवडत नाही." वर हसली. तिला हसताना खोकला येतो, तुम्हाला माहीत असेल.

मी म्हटलं, मग खोली कशी मिळायची. ती म्हणाली, "तू शिकलेली ना? विचार कर. आमंत्रण कुणाच्या नावानं यायचं?"

दोघांच्या. श्री. आर्लन आणि सौ. लोर्ना टोलफ्सन. तुमचं नाव आधी. एका पत्त्यावरच्या नवराबायकोचं खातं जोडलेलं असतं आणि दोघांचा खेळ एकत्र मोजला जातो. बाबा, मी चमचा खाली ठेवला. हे मला नदीननं सांगावं लागायला नको होतं.

आई फिरत्या चित्रांच्या मशीनवर बसायची. एका सेंटची म्हणतात पण एका दाबाला साठ सेंट खाणारी. त्या मशीनवर शंभर फिरवले की दहा डॉलर कॅसिनोकडे राहतात. तुमच्या मशीनच्या वीस पट. ती दोन तास बसली तरी तिचा कागदावरचा तोटा साठ डॉलर व्हायचा, तुमच्या पाच तासांच्या साडेतीन पट. नदीकडची खोली तिच्या साठ डॉलरांतून यायची. तुमच्या नऊ-सहाच्या मशीनमधून नव्हे. तुम्ही जेवताना सगळ्यांना सांगायचात, "मी खोली कमावतो आणि लोर्ना ती मशीनवरच्या चेरींना खाऊ घालते," आणि आई मान खाली घालून ब्रेडला लोणी लावायची.

मी नदीनला विचारलं, आईला हे ठाऊक होतं का. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "पहिल्याच वर्षी. मीच सांगितलं. म्हटलं, बाई, तुला ही मशीनं आवडत नाहीत हे मला दिसतंय. तू सकाळी येतेस, हात पुसतेस, कामावर बसल्यासारखी बसतेस आणि घड्याळ बघतेस. कशाला? नदीवर होडीत बस, पुस्तक वाच. तर म्हणते, मी उठले तर खोली जाईल ना? मी म्हटलं, जाईल. अगं, पण तेवढ्या पैशांत खोली भाड्यानं मिळते, वर नाश्ता येतो. तर लोर्ना म्हणते, मिळेल गं. पण मग ती भाड्याची होईल."

मी हे वाक्य इथे जसंच्या तसं लिहिलंय. नदीन म्हणाली की आईनं आणखी एवढंच सांगितलं: कोठारावर येणारा प्रत्येक शेतकरी वजन ऐकून तुमच्याकडे संशयानं बघायचा, आणि चाळीस वर्षांत कुणी एकदाही म्हटलं नाही की आर्लन, तुझा काटा बरोबर होता. इथे कुणीतरी तुम्हाला बरोबर खेळण्याबद्दल काही देतंय असं तुम्हाला वाटतं, तर वाटू दे. "त्याला सांगू नकोस," आई म्हणाली, आणि पिशवीतून रुमालात गुंडाळलेले लेफ्से, तिच्या त्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, काढून नदीनच्या टेबलावर ठेवले. दरवेळी आणायची. तुम्ही विचारायचात, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालीस तरी एवढे बटाटे कुणासाठी लाटतेस.

आई जाऊन चार वर्षं होतील. यंत्राच्या हिशेबानं तुमची खोली त्याच वर्षी बंद व्हायला हवी होती. ती झाली नाही कारण जुन्या यंत्रणेत होस्टला थोडी मोकळीक होती. आपल्या अखत्यारीत ती एखाद्याला खोली देऊ शकायची. नदीननं ती तुमच्यासाठी वापरली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "लोर्नानं मला काही बजावून ठेवलं नव्हतं, तसलं काही मनात आणू नकोस. तुझा बाप फेब्रुवारीत एकटा आला. काउंटरवर दोन किल्ल्या मागितल्यान्, मग एक परत केलीन्. मी काय त्याला सांगणार होते, आर्लन, तू सहा डॉलरचा माणूस आहेस?" मग म्हणाली, "आणि सोपं नव्हतं हं. त्याच्या त्या निरोपाच्या वीस डॉलरनी माझा जीव खाल्लाय."

हेही तुम्हाला माहीत नाही. निघायच्या दिवशी सकाळी, बस यायच्या आधी, तुम्ही कार्ड घालून वीस डॉलर खेळता. कार्ड आत गेलं की होस्टच्या फोनवर तुमचं नाव वाजतं आणि ती निरोप द्यायला खाली येते, हे तुमच्या लक्षात आलं होतं. चांगलं निरीक्षण आहे. पण यंत्र ती सकाळ एक अख्खा दिवस धरतं. वीस डॉलर फिरवणारा माणूस, एक दिवस. चार दिवसांचा आकडा पाच दिवसांवर वाटला जातो आणि सरासरी घसरते. नदीन म्हणाली, "मी तीनदा सांगितलं, आर्लन, जाताना कार्ड खिशात ठेव, मी तशीही येईन खाली. तर म्हणतो कसा, कार्ड न घालता बसणं म्हणजे नाव न सांगता दार वाजवणं. आता अशा माणसाला काय करायचं." मला वाटतं तुम्ही तेव्हा थोडे दुखावलेही होतात. मे महिन्यात फोनवर म्हणाला होतात की नदीनला हल्ली घाई असते. घाई नव्हती. ती तुमची खोली वाचवत होती.

आता जे होणार आहे ते. एक डिसेंबरला मी बसवलेली यंत्रणा सुरू होईल. तीत होस्टची मोकळीक नाही. सगळं आकड्यावर. कंपनीला तेच हवं होतं आणि मी ते नीट बसवलंय, त्यात चूक राहिलेली नाही. तुमचं नाव नदीकडच्या खोल्यांच्या यादीतून गळेल. फेब्रुवारीचं आमंत्रण येणार नाही. तुम्ही पलीकडच्या काठावर राहायला आलात तर तुम्ही बाहेरगावचे पाहुणेही उरणार नाही, मग तर रोजची अंडी-कॉफीसुद्धा कठीण. नदीन नाताळाआधी काम सोडून युमाला बहिणीकडे जातेय. "नव्या यंत्राला मी कशाला लागते," म्हणाली, माझ्याकडे बघून, पण टोमणा असा नव्हता. बारवर पेयं देणारा तुमचा तो डेक्स्टर ऑगस्टमध्येच रीनोला गेला. म्हणजे तुम्ही ज्यांच्यासाठी घर विकताय त्यांतलं कुणी तिथे नसेल. यंत्र मात्र नावानं हाक मारेल, कार्ड घातलंत तर.

मी हे कठोरपणे लिहिलंय असं वाचताना वाटेल. दोनदा फाडून पुन्हा लिहिलं, यापेक्षा मऊ जमलं नाही. आईनं सांगू नको म्हटलं होतं आणि मी सांगितलं, याचाही विचार केलाय. तिनं जे विकत घेतलं होतं ते तुम्हाला आठ वर्षं पुरलं. पण तिनं त्यात जेम्सटाऊनचं घर घातलेलं नव्हतं. ते घालायला निघालाय तुम्ही, आणि ती असती तर तिनं स्वतःच तोंड उघडलं असतं असं मला वाटतं. नदीनचा पत्ता मागच्या पानावर लिहिलाय. तिला चार ओळी लिहा. ती तुमची मैत्रीण होती, हे हिशेबानंसुद्धा सिद्ध होतं. सहा डॉलर वजा करा, उरलेलं सगळं तिचं आणि आईचं.

इतकं लिहून झाल्यावर मला कळलंय की मी मूळ गोष्ट अजून लिहिलेली नाही. तुम्हाला वाटेल मी तुमचे पैसे वाचवायला हे लिहिलं. तुम्ही हिशेबात पक्के आहात, तुम्ही सावराल. गोष्ट अशी आहे की हे माझं शेवटचं ठिकाण आहे. एक डिसेंबरला माझा करार संपतो आणि मी पुढचा घेतलेला नाही. हेंडरसन गावातली माझी भाड्याची खोली ऑक्टोबरातच सोडली, सामान गाडीत आहे. कंपनीतल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की कानात काही दोष नाही, विश्रांती घ्या, घरी जा. मी बरं म्हटलं आणि बाहेर आवारात गाडीत बराच वेळ बसून राहिले, कारण घर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच आलं: वरची, उत्तरेकडची माझी खोली, जिथे तुम्ही आता बियाण्याची पाकिटं ठेवता. मग रविवारी तुम्ही पुतण्याचं आणि गॅरेजचं सांगितलंत आणि मी "हं" म्हणाले. मला तिथे येऊन झोपायचं आहे, बाबा. काही दिवस, किंवा बर्फ वितळेपर्यंत, मला आत्ता सांगता येत नाही. तुम्ही मला काही विचारू नका, मीही विचारणार नाही. घर पुढं विकायचंच असेल तर मी स्वतः भिंती रंगवून देईन. पण एकवीस तारखेला सही करू नका. वसंतापर्यंत थांबाल का?

तुमचीच,
ब्रिटा